तक्ता न बघता

३ ऑक्टोबर, गुरुवार

प्रिय चिंगे,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. नऊ वर्षांनी पत्र आलं आणि त्यात ख्यालीखुशाली औषधालाही नाही. नुसते अकरा प्रश्न, तेही नंबर घालून. मी ते हातात धरून बराच वेळ स्वयंपाकघरात उभी होते. मग चष्मा पुसला आणि हसले. शहर बससेवेच्या चौकशीच्या खिडकीत मी अठ्ठावीस वर्षं काढली, निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण इतके नेमके प्रश्न विचारणारं कुणी मला तिथे भेटलं नाही.

मला कळलं ते असं. शिलाई मशीनचं प्रदर्शन आहे, पंधरा नोव्हेंबरपासून तीन दिवस. शाळांचे गणवेश शिवून शिवून तू कंटाळलीस आणि आता तुला भरतकामाचं मशीन बघायचंय. कापड बाजारामागच्या लॉजवर उतरणार आहेस. एकटी येते आहेस. ‘स्टेशनवर घ्यायला येऊ नये’ हे तू दोनदा लिहिलंस, एकदा वर आणि एकदा खाली, म्हणजे वाचता वाचता माझा विचार बदलला तर पंचाईत नको. बरं, नाही येणार. ‘घरी येणं जमणार नाही’ हे मात्र एकदाच लिहिलंस, म्हणून तिथे मी थोडी आशा धरून आहे. एक वेळ जेवायला ये. एवढंच माझं मागणं आहे, आणि ते आत्ताच लिहून टाकते, म्हणजे पुढच्या पत्रांत सारखं टोचायला नको.

आता उत्तरं. स्टेशनला तीन दारं आहेत, तू घड्याळाच्या दाराने बाहेर पड. समोर ट्राम, डावीकडे बस, उजवीकडे टॅक्सीची रांग. लॉजला पाच नंबरची ट्राम, सातवा थांबा. बारा नंबरची बसही जाते, पण ती बाजारात अडकली की अडकली. मेट्रोही आहे, ती माझ्या निवृत्तीनंतर आली, तिचं बघून सांगते. टॅक्सी करायची असेल तर खुशाल कर. कुणी काही म्हणणार नाही.

‘बस कुठल्या बाजूला तोंड करून उभी असते’ हा तुझा चौथा प्रश्न. अगं, बस आहे ती, म्हैस नव्हे. पण विचारलंस म्हणून सांगते, नदीकडे तोंड करून. ‘बस सुटल्यावर पहिली खूण कोणती, आणि ती डाव्या हाताला की उजव्या’ हा पाचवा. याचं उत्तर मला येत नाही. सहावा, सातवा आणि नववा, हेही येत नाहीत. 

खरं सांगायचं तर मी या शहरात हिंडलेच नाही. माझी खोली डेपोच्या मागच्या गल्लीत, खिडकीपर्यंत चार मिनिटं चालत. किराणा, भाजी, डॉक्टर, सगळं डेपोच्या भिंतीला लागून. लोकांना मी रोज शंभर ठिकाणी पाठवायचे आणि संध्याकाळी चालत घरी यायचे. आता तुझ्या प्रश्नांनी डोक्यात भुंगा सोडलाय. उद्यापासून मीच पाहुणी होते. वही घेतली आहे, दोन पेनंही.

तुझी,
ताई

ता.क. फोन केला असता, पण तू माझा नंबर अजून बंदच ठेवला असशील.


१२ ऑक्टोबर, शनिवार

प्रिय चिंगे,

कार्ड मिळालं. ‘मेट्रोचं दार कुठल्या बाजूला उघडतं?’ एवढं एक वाक्य आणि खाली सही. उत्तर : कापड बाजाराला डावीकडे, प्रदर्शनाच्या मैदानाला उजवीकडे. हे मी स्वतः उतरून, परत चढून, पुन्हा उतरून बघून आले. तिथला पहारेकरी शेवटी जवळ येऊन म्हणाला, “काकू, काही हरवलंय का?” मी म्हटलं, “नाही हो, अभ्यास चाललाय.”

चिंगे, मला एकसष्टाव्या वर्षी पंख फुटलेत. सकाळी चहा घेताना आज कशात बसायचं याचा विचार करते. पहिल्या दिवशी मेट्रोचं कार्ड कुठे टेकवायचं ते कळेना, तर मी ते फाटकावरच्या चित्राला टेकवलं. मागची बाई म्हणाली, “आजी, खाली. खाली गोल आहे बघा.” पाटी माझ्या नाकासमोर होती. ‘पाटी वाचता येत नाही का’ असं मी अठ्ठावीस वर्षं मनात, आणि खरं सांगायचं तर कधी कधी तोंडानेही, म्हणत आले. नवख्या माणसाला पाटी दिसतच नाही, हे मला आत्ता कळतंय.

पाच नंबरच्या ट्रामची पहिली खूण : पाच मजली छत्रीचं दुकान, डाव्या हाताला. म्हणजे दुकान पाच मजली, छत्री नव्हे. मग उजवीकडे अग्निशमन दलाचा लाल दरवाजा. मग एक वळण, तिथे सगळे उभे प्रवासी एकदम डावीकडे झुकतात. तू आधीच दांडा धर. सातव्या थांब्यावर उतरलीस की लॉजची पाटी दिसत नाही, शिंप्याच्या पुतळ्यामागे लपली आहे. पुतळा ओलांडून जा.

प्रदर्शनाच्या मैदानाला मेट्रो सोपी, पण गंमत हवी असेल तर नदीने जा. तक्त्यात लिहिलंय, बोट दर वीस मिनिटांनी. मी धक्क्यावर पस्तीस मिनिटं बसले. बोटवाल्याला म्हटलं, “वेळापत्रकात वीस आहेत.” तो म्हणाला, “ते खात्याचं. आमचं बारा माणसांचं. बारा झाली की सुटते.” मी अकरावी होते. बारावा माणूस आला तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की बिचारा आपली चूक शोधत बसला. पाणी मात्र काय सुंदर दिसतं गं मधून. दोन्ही काठांची घरं उलटी फिरल्यासारखी वाटतात, आणि ज्या पुलाचं नाव मी दिवसातून दहा वेळा घ्यायचे तो मी आयुष्यात पहिल्यांदा खालून पाहिला.

भाड्याच्या सायकलीही आहेत, हिरव्या. त्यांच्या वाट्याला जाऊ नकोस. मी गेले होते. गुडघा आता बरा आहे.

संग्रहालयाचं मात्र मनाला लागलं. ‘थांब्यापासून पाच मिनिटं पायी’ असं मी हजारो लोकांना सांगितलं असेल, म्हाताऱ्यांना, पोटुशा बायकांना, काठी टेकत आलेल्यांना. तिथे एकशे अठरा पायऱ्या आहेत. मी दोनदा बसून चढले. एकही माणूस मला परत येऊन बोलला नाही. परगावचा माणूस परत येतो कुठे बोलायला?

आमच्या खिडकीची एक रीत तुला ठाऊक नसेल. तिथे गावभर लटकतो तसा मार्गांचा तक्ता होता, पण तो भिंतीकडे तोंड करून टांगलेला असे. मी नवीन लागले तेव्हा मोठ्या बाबूंनी शिकवलं, “बाई, प्रवाशाचा प्रश्न संपायच्या आत आपलं उत्तर सुरू झालं पाहिजे. तक्ता उलटला की त्याचा विश्वास उडाला.” मग आमच्यात चढाओढ लागायची. नवशिका तेवढा तक्ता उलटून बघायचा, आणि त्याची इतकी टर उडवायचो की महिन्याभरात तोही पाठ करायचा. सगळ्यांत पुढे मी. साहेब पाहुण्यांना घेऊन यायचे आणि म्हणायचे, विचारा हिला काहीही. त्याची मला घमेंड होती. होतीच.

आता त्या खिडकीत माणूस नाही, पडदा बसवलाय. काल त्याला सहज काहीतरी विचारलं तर म्हणाला, ‘थांबा, शोधत आहे.’ 

सगळीकडे जाऊन झालं. सत्तेचाळीस नंबरने मात्र अजून गेले नाही. दोनदा थांब्यापर्यंत गेले आणि दुसऱ्याच बसमध्ये चढले. तुला तिची काही गरज नाही म्हणा.

ताई


२० ऑक्टोबर, रविवार

चिंगे,

आज सत्तेचाळीसने गेले.

त्या दिवसाबद्दल आपण दोघी एक अक्षर बोललो नाही. म्हणून मला आठवतं तसं आधी लिहिते, चुकलं तर खोड. बाबा टेकडीवरच्या इस्पितळात होते. डॉक्टर म्हणाले, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. तू लगेच निघालीस आणि बुधवारी सकाळी दहाला स्टेशनवरून फोन केलास, “ताई, टॅक्सी करू का?” तुझं बोलणं पुरतं संपलंही नव्हतं. मी म्हटलं, “टॅक्सी कशाला, पुलावर अडकशील, बसला तिथे वेगळी वाट आहे. सत्तेचाळीस घे, शेवटचा थांबा. चाळीस मिनिटांत इस्पितळाच्या दारात.” बाबांनी डोळे उघडून विचारलं, “धाकटी निघाली का?” मी म्हटलं, “आलीच.”

बाबा बाराला गेले. तू पावणेएकला आलीस.

दारातच म्हणालीस, “मी सत्तेचाळीसच घेतली होती.” आणि मी म्हणाले, काका होते, आत्या होती, सगळ्यांच्या देखत म्हणाले, “सत्तेचाळीस घेतली असतीस तर इथे उतरली असतीस. उलट्या बाजूची घेतलीस. वेंधळी ती वेंधळीच. बाबा तुझी वाट बघत गेले.” कुणी तुझी बाजू घेतली नाही. घेणार तरी कोण? बसच्या बाबतीत माझा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. शेवटी तूसुद्धा मान खाली घालून म्हणालीस, “असेल. घाईत होते.” तिसऱ्या दिवशी तू गेलीस ती गेलीस.

आता तुला माहीत नाही ते.

पंधरा दिवसांनी मी कामावर गेले आणि खण उघडला, तर वरच परिपत्रक. सोमवारपासून सत्तेचाळीस नंबर टेकडीवर जाणार नाही, नदीच्या अलीकडे पाण्याच्या टाकीपाशी संपेल, टेकडीसाठी एकोणसाठ. ते आदल्या शनिवारी आलेलं होतं, आणि खाली ‘वाचले’ म्हणून माझी सही होती. वाचलं नव्हतं. शिपाई कागद घेऊन यायचा, आम्ही सही ठोकायचो आणि सवडीने वाचू म्हणून खणात टाकायचो. त्या सोमवारी मी रजा घेऊन बाबांना रुग्णवाहिकेने इस्पितळात नेलं आणि तिथेच राहिले.

तू योग्य बसमध्ये बसली होतीस. मी सांगितली त्याच बसमध्ये, मी सांगितलेल्या थांब्यापर्यंत. चूक माझी होती आणि सगळीच्या सगळी माझी होती. टॅक्सी केली असतीस तर पुलावर अडकूनसुद्धा सव्वाअकरापर्यंत पोचली असतीस. तेव्हा बाबा शुद्धीत होते.

मी तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि खिडकी उघडली. त्या दिवसापासून प्रत्येक उत्तर तक्ता उलटून, बघून दिलं. सगळे हसायचे, बाई थकल्या म्हणायचे. मी हसू दिलं. का बघते ते कुणाला सांगितलं नाही, आणि तुला तर नाहीच. आज लिहीन, उद्या लिहीन करता करता नऊ वर्षं झाली. कारण शोधायला गेलं तर खूप सापडतात, पण खरं एकच आहे : सगळ्यांना वाटत होतं की तू चुकलीस, आणि मला ते सोयीचं होतं.

आज टाकीपाशी उतरले. पत्र्याची शेड, एक बाक, चहाची टपरी. पुढे रस्ता नाही, नदी आहे. पलीकडे टेकडी दिसते आणि टेकडीवर इस्पितळ. इतकं स्पष्ट दिसतं की खिडक्या मोजता येतात. हे मला माहीत नव्हतं, चिंगे. तू तिथे उभी राहून ते समोर बघत होतीस, हे मी कधी मनातसुद्धा आणलं नव्हतं.

टपरीवाली बाई माझ्याकडे बघून म्हणाली, “दवाखान्यात जायचंय का?”

मी म्हटलं, “तुम्हाला कसं कळलं?”

“अजून येतात माणसं चुकून. कुणीतरी सांगतं त्यांना जुनं. उतरतात आणि पलीकडे बघत राहतात. मी चहा देते आधी. मग सांगते, आल्या रस्त्याने परत जा, पुलापाशी उतरा, एकोणसाठ धरा.”

“इथून टॅक्सी नाही मिळत?”

“इथे कुठली हो टॅक्सी? इथे कोण येतंय?”

तिने सांगितलं तशी गेले. पावणेदोन तास लागले, आणि मला तर कसलीच घाई नव्हती.

हे वाचून तू येणं रद्द केलंस तर मला बोलायला तोंड नाही. जेवायला ये हेही आता म्हणवत नाही. पण तू मला या शहराची माहिती विचारलीस, आणि त्यातली ही एक मी नऊ वर्षं चुकीची ठेवली होती.

तुझी ताई


२ नोव्हेंबर, शनिवार

चिंगे,

तेरा दिवस झाले, तुझ्याकडून काही नाही. बरोबरच आहे. पण तुझा अकरावा प्रश्न राहिला होता आणि येणार असलीस तर त्यावाचून अडायला नको, म्हणून लिहिते. ‘एकट्या बाईने रस्ता विचारला तर लोक नीट सांगतात का?’

मी तीन दिवसांत नऊ जणांना मुद्दाम विचारलं, जणू मला काहीच ठाऊक नाही. सहांनी बरोबर सांगितलं. दोघांनी चुकीचं सांगितलं, पण अगदी मनापासून, हातवारे करून, एकाने तर वळणापर्यंत येऊन. नवव्या बाईने ‘मला नाही माहीत’ म्हटलं, आणि मला थांबवून दुसऱ्या कुणाला तरी विचारून दिलं. सर्वांत लवकर मी तिच्यामुळे पोचले. तेव्हा लोक चांगले आहेत, पण एकावर विसंबू नकोस. माझ्यावर तर नाहीच.

ताई


१० नोव्हेंबर, रविवार

प्रिय चिंगे,

तुझं पत्र काल आलं. सहा पानं. मी पाच वेळा वाचलं आणि तिसरं पान सहाव्यांदाही.

तू लिहितेस, नऊ वर्षांत तू एकटी कुठेही गेली नाहीस. कापड आणायला शेजारच्या गावी जायचं तरी नवरा सोबत लागतो. बसची पाटी वाचूनसुद्धा तीन जणांना विचारतेस, आणि चढल्यावर चौथ्याला. लेकीच्या बक्षीस समारंभाला गेली नाहीस, कारण मध्ये बस बदलायची होती. तिला डोकं दुखतंय म्हणून सांगितलंस. ‘बापापर्यंत जिला पोचता आलं नाही ती आणखी कुठे पोचणार, असं मीच मला म्हणत राहिले, आणि कागद तुझ्या पर्समध्ये होता.’

मी समजत होते, तू रागावली आहेस. रागावलेलं माणूस आपल्या जागी ताठ असतं, त्याचं काही बिघडत नाही, असं म्हणून मी स्वतःची समजूत काढायचे. तू घाबरलेली असशील हे मला सुचलंच नाही. या वेळी नवऱ्याला रजा नाही आणि मशीन तर बघायचंच आहे, म्हणून तू जीव मुठीत धरून अकरा प्रश्न लिहिलेस, आणि मी त्यावर म्हशीचा विनोद केला.

सत्तेचाळीसच्या पत्रात मी माफी मागितली नव्हती, मी मागितली की तुला ती द्यावी लागणार म्हणून. आता मागते. तू लिहिलंसच आहे की माफीचं नंतर बघू, राग यायला आत्ता कुठे सुरुवात झाली आहे. येऊ दे. तो कधीच यायला हवा होता, आणि माझ्यावरच यायला हवा होता. काकांना आणि आत्याला मी आज पत्रं टाकली, झालं तसं लिहून. दोन्ही पत्रांत परिपत्रकाची प्रत घातली आहे. मूळ कागद या पाकिटात आहे. त्याचं काय करायचं ते तू ठरव.

तुझ्या शेवटच्या चार ओळी मी उतरवून भिंतीला लावल्या आहेत. तू प्रदर्शनाला येते आहेस. रविवारी सतरा तारखेला दुपारी माझ्याकडे जेवायला येशील. ‘पण कसं यायचं ते तू सांगायचं नाहीस. बस नाही, ट्राम नाही, दार नाही, खूण नाही. वाटेत कुठे उभीही राहायचं नाहीस. मी विचारत विचारत येईन.’

कबूल. लॉजवरून माझ्या घरी यायला

इथे मी दोन ओळी लिहिल्या होत्या, त्या खोडल्या. कागद उजेडात धरून बघितला, वाचता येत नाहीत.

घर तेच आहे. रविवारी मी दार उघडं ठेवून आत बसेन, गल्लीच्या तोंडापर्यंतसुद्धा येणार नाही. तुला उशीर झाला तर जेवण पुन्हा गरम करू.

तुझी,
ताई